एम म्हणजे मुख्य

निवेदकांनी आवाज भरायचं सॉफ्टवेअर निवडायला घेतलं तो मंगळवार होता, आणि शुक्रवारपर्यंत पहिलं प्रकरण हातावेगळं करतो असं त्यांनी बायकोला सांगितलं होतं. कुठल्या महिन्यातला शुक्रवार ते सांगितलं नव्हतं, एवढं एक त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

निवेदक हे काही त्यांचं नाव नव्हे. पाणीपुरवठा कार्यालयात एकतीस वर्षं नोकरी झाली, आणि त्या एकतीस वर्षांत कोणाचा निरोपसमारंभ असो की नव्या झेरॉक्स यंत्राचं उद्घाटन, माईक कायम यांच्याच हातात. तेव्हापासून ऑफिसात आणि इमारतीत हेच नाव चिकटलं. आपला आवाज भारदस्त आहे असं त्यांना इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की निवृत्तीनंतर, सांगणारे कमी झाल्यावर, ते स्वतःच सांगत.

तर अशा माणसाच्या हाती ग्रंथालयाचं पत्रक पडलं. दृष्टिहीन वाचकांसाठी बोलकी पुस्तकं करायची आहेत, घरच्या कॉम्प्युटरवर वाचून भरून देणारे स्वयंसेवक हवेत, एका प्रकरणाचा नमुना महिनाअखेरपर्यंत पाठवावा. पहिलं पुस्तक शरीररचनेचं होतं, चारशे बारा पानांचं. भौतिकोपचाराच्या परीक्षेला बसणाऱ्या एका मुलीला ते तातडीने हवं होतं. निवेदकांनी पत्रक घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "आता यांना कळेल वाचन म्हणजे काय."

घरी बसून आवाज भरायचा आणि नको तेवढा कापायचा, एवढंच काम. पण त्यासाठी जगात इतकी सॉफ्टवेअरं असतील याची त्यांना कल्पना नव्हती. निवेदक पद्धतशीर माणूस. त्यांनी मोठा कागद घेतला, अकरा रकाने आखले आणि गुण द्यायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी बायको चहा ठेवायला आली, तिने कागद वरपासून खालपर्यंत पाहिला.

"यात वाचायचं कधी, तो रकाना कुठे आहे?" तिने विचारलं.

निवेदकांनी चहा उचलून कागदावरून बाजूला ठेवला.

पहिलं सॉफ्टवेअर फुकटचं होतं. एक मोठं लाल बटण, एक थांबायचं बटण, खाली आवाजाची रेघ. फुकट मिळतंय म्हणजे ते तशाच लायकीचं असणार, असं म्हणून त्यांनी ते दुसऱ्याच दिवशी नापास केलं. आपणही पुस्तक फुकटच वाचणार आहोत, हे त्या वेळी त्यांच्या ध्यानात आलं नाही.

दुसरं निळ्या रंगाचं. दिसायला देखणं आणि पंधरा दिवस वापरून बघायला दिलेलं. त्यात निवेदकांनी गुडघ्याचं अख्खं पान भरलं, डोळे मिटून ऐकायला बसले, आणि एक मिनिट झाल्यावर कोणी परकी बाई त्यांच्या वाक्यात शिरली. "गुडघ्याच्या सांध्यात मुख्यतः, ही चाचणी आवृत्ती आहे, दोन हाडं एकत्र येतात." पुढच्या मिनिटाला परत तेच. निवेदकांनी ती बाई कापून काढायला दोन दिवस घालवले. कापताना गुडघ्याची वाटी पण गेली.

मग मेहुण्याचा सल्ला घ्यावा लागला. बायकोचा हा धाकटा भाऊ लग्नाचे व्हिडिओ काढायचा, त्यामुळे आवाज, उजेड आणि माणसांचे स्वभाव या तिन्ही विषयांत त्याचा शब्द शेवटचा. त्याने येऊन काळ्या रंगाचं एक अवाढव्य सॉफ्टवेअर बसवून दिलं. उघडलं की विमान चालवायला बसल्यासारखं वाटायचं.

"भाऊजी, यात चौसष्ट ट्रॅक आहेत."

"मी एकटाच वाचणार आहे रे."

"आज एकटे आहात. उद्या मागे कोरस लागला तर?"

"गुडघ्याच्या पुस्तकात कोरस?"

"लागेलच असं नाही. जागा असलेली बरी."

या युक्तिवादात निवेदकांना काहीतरी खटकलं, पण चौसष्ट हा आकडा त्यांच्या आवाजाला शोभणारा होता. काळं सॉफ्टवेअर पास झालं. त्यात एक फिरवायचं बटण होतं. ते उजवीकडे नेलं की आवाज मोठ्या सभागृहात घुमतो तसा घुमायचा. त्या बटणापाशी निवेदकांचे सहा दिवस गेले.

एवढ्यात खालच्या मजल्याची अडचण उभी राहिली. खाली दंतवैद्यांचा दवाखाना होता. त्यांचं दात कोरायचं यंत्र सुरू झालं की वर रेकॉर्डिंगमध्ये बारीक किरकिर यायची. निवेदक तक्रार घेऊन खाली गेले.

"तुमचं यंत्र माझ्या गुडघ्यात येतं," ते म्हणाले.

"आणि तुमचा गुडघा माझ्या दवाखान्यात येतो," दंतवैद्य शांतपणे म्हणाले. "काल पेशंटने तोंड उघडलं आणि वरून कोणीतरी गरजलं, झीज ही अटळ आहे. तो खुर्चीतून उठून निघून गेला. अजून आलेला नाही."

शेवटी तह झाला. दुपारी एक ते तीन दवाखाना बंद, तेव्हा निवेदकांनी वाचावं. जाता जाता दंतवैद्यांनी फुकटचा सल्ला दिला: आवाज घुमू नये म्हणून कपड्यांच्या कपाटात बसून वाचा, कोटांमध्ये आवाज छान मुरतो. निवेदकांनी तेही केलं. कपाटाला आतून मूठ नाही हे दार लागल्यावर कळलं. बायको बाजारात गेली होती. त्या चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग पुढे बरेच दिवस कॉम्प्युटरवर होतं. त्यात निवेदक आधी सभेला विचारावं तसं विचारतात, "कोणी उपस्थित आहे का?" मग जरा घाईने विचारतात. मग नुसतंच "अहो" म्हणतात, कोणाला ते कळत नाही. बायकोने येऊन दार उघडलं, त्यांच्या खांद्यावरून एक कोट उचलून परत अडकवला आणि ती भाजी निवडायला गेली. ती हसली असती तर बरं झालं असतं असं निवेदकांना वाटलं.

असा महिना संपत आला. नमुना पाठवायच्या शेवटच्या दिवशी दुपारी एक वाजता निवेदक काळ्या सॉफ्टवेअरसमोर बसले आणि त्यांच्या लक्षात आलं की आवाजाची पातळी लावायला हवी. म्हणजे एकाने माईकसमोर बोलायचं आणि दुसऱ्याने बटणं फिरवायची. त्यांनी बायकोला हाक मारली.

"हे पान नुसतं वाचत राहा. मी पातळी लावतो."

"मी वाचू? कसं वाचू?"

"कसंही वाच. तुझा आवाज सपाट आहे, पातळी लावायला बरा. मी थांब म्हणेपर्यंत थांबू नकोस."

बायकोने चष्मा लावला आणि वाचायला लागली. निवेदक बटणं फिरवण्यात इतके गढून गेले की थांब म्हणायचं राहिलंच. तिने गुडघ्याचं अख्खं प्रकरण संपवलं, "झालं" म्हणाली आणि उठली. मग निवेदक स्वतः बसले, पाणी प्यायले, घसा साफ केला आणि दुसऱ्या ट्रॅकवर असं काही वाचलं की शेवटी अस्थिबंधांपर्यंत पोचताना त्यांचे स्वतःचेच डोळे भरून आले.

आता पडद्यावर दोन पट्ट्या होत्या, वरची बायकोची आणि खालची त्यांची. दोन्हींपुढे एम नावाचं छोटं बटण. निवेदकांनी विचार केला: एम म्हणजे मुख्य. आपल्या पट्टीचा एम त्यांनी दाबला, तो नारिंगी पेटला, आणि मुख्य गोष्टीला असा रंग दिलेला त्यांना आवडला. बायकोच्या पट्टीला हात लावला नाही. मुख्य ठरल्यावर दुय्यम आपोआप मागे सरत असणार. फाइल तयार केली आणि अर्जासोबत पाठवून दिली. पाठवण्यापूर्वी ऐकली नाही, कारण गुडघा त्यांनी त्या महिन्यात दोनशे वेळा ऐकला होता आणि दोनशे एकावी वेळ माणसाकडून होत नाही.

पुढच्या बुधवारी ग्रंथालयातून कारकुनाचा फोन आला. तुमचा नमुना निवडला आहे, सव्वीस नमुन्यांतून एकमताने, असं तो म्हणाला आणि पुढे कागदावरचं वाचून दाखवलं: "स्वच्छ उच्चार, कुठेही अभिनय नाही."

शेवटचे तीन शब्द निवेदकांना जरा टोचले. पण एकमताने हा शब्द एवढा मोठा होता की ते त्याच्या मागे झाकले गेले. संध्याकाळपर्यंत इमारतीत सगळ्यांना कळलं होतं. सेक्रेटरींनी फलकावर सूचना लावली: "आपल्या इमारतीचा आवाज आता हजारो कानांत. निवेदकांचे अभिनंदन." दंतवैद्यांनी जिन्यात हात मिळवला. मेहुणा म्हणाला, "चौसष्ट ट्रॅकची कमाल आहे, भाऊजी." निवेदकांनी प्रत्येकाला आवाजाची काळजी कशी घ्यावी ते सांगितलं. बायकोने आपल्या बहिणीला फोन केला. आतल्या खोलीत निवेदक पेपरमागे बसून ऐकत होते. "अगं, यांची निवड झाली," ती सांगत होती, "महिनाभर किती खटपट केली त्यांनी." कधीही न चढणारा तिचा आवाज त्या वेळी थोडा चढला होता.

दोन दिवसांनी कारकुनाचा पुन्हा फोन आला. अर्जात विसंगती आहे, येऊन जा.

ग्रंथालयाच्या काउंटरवर तोच कारकून होता. त्याने अर्ज पुढे सरकवला आणि एका चौकोनावर पेन टेकवलं.

"इथे तुम्ही पुरुष लिहिलंय."

"मग काय लिहायचं?"

"नमुन्यातला आवाज स्त्रीचा आहे. आवाज आता बदलता येणार नाही, निवड झाली आहे. अर्ज बदलावा लागेल." आणि त्याने एक छापील कागद काढला. वर लिहिलं होतं, दुरुस्तीपत्र. खाली: सदर नमुन्यातील आवाज माझा नसून पुढील व्यक्तीचा आहे, आणि मग रिकामी जागा.

निवेदक म्हणाले, काहीतरी गफलत आहे, मला ऐकू द्या. कारकुनाने हेडफोन दिला. निवेदकांनी तो कानाला लावला आणि बायकोचा आवाज आला. गुडघ्याच्या सांध्यात मुख्यतः दोन हाडं एकत्र येतात. सरळ, न घाई करता, एकेक हाड ओळीने मांडून ठेवत चालली होती. मागे पुसटसा एक खोकला होता. तेवढे निवेदक होते.

"हा एम," ते हेडफोन काढून म्हणाले, "एम म्हणजे काय हो?"

"म्यूट," कारकून म्हणाला. "आवाज बंद."

तेवढ्यावर दुरुस्तीपत्र घेऊन घरी येता आलं असतं. पण माणसाचा मान दुखावला की तो अजून थोडा दुखावून घेतल्याशिवाय घरी जात नाही. निवेदकांनी खिशातून छोटी पेनड्राइव्ह काढली आणि खरा नमुना यात आहे, संचालिकाबाईंना ऐकवायचा आहे, असा आग्रह धरला. बाई आतल्या खोलीत होत्या. त्यांच्यासमोर खुर्चीत विशीतली एक मुलगी बसली होती, मांडीवर घडी केलेली पांढरी काठी. हीच ती परीक्षेला बसणारी. बाईंनी दोघांची ओळख करून दिली आणि निवेदकांचा नमुना लावला.

स्वतःचा आवाज परक्या खोलीत, परक्या माणसांच्या तोंडाकडे बघत ऐकणं किती कठीण असतं ते निवेदकांना तेव्हा कळलं. गुडघा व्यासपीठावर येत होता. गुडघ्याचा परिचय होत होता. कूर्चेचं नाव घेताना तर टाळ्यांसाठी जागाच सोडली होती. सगळं घुमत होतं. तीन मिनिटांनी त्यांनीच हात वर करून थांबवायला सांगितलं.

"मेहनत दिसते," संचालिकाबाई म्हणाल्या. मग मुलीला विचारलं, "तुला काय वाटतं? अभ्यास तुला करायचाय."

मुलगी थोडी अवघडली. "काका, राग मानू नका. तुम्ही वाचता ना, तेव्हा मला तुम्ही दिसता. त्या वाचतात तेव्हा गुडघा दिसतो."

खोलीत पंखा फिरत होता. निवेदकांनी मान हलवली, मग ती हलवलेली तिला दिसणार नाही हे लक्षात येऊन "बरोबर आहे" असं मोठ्याने म्हणाले. ते जास्तच मोठ्याने झालं.

"मी तो नमुना अकरा वेळा ऐकला," मुलगी म्हणाली. "ते प्रकरण माझं पाठ झालंय. बाकीचं कधी मिळेल? परीक्षा आठ आठवड्यांवर आली. महिनाभर नमुने यायचीच वाट बघत होते."

"त्यांनी आधी कुठे असं काम केलंय का?" बाईंनी विचारलं.

"टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती," निवेदक म्हणाले. "बावीस वर्षं."

"तरीच."

बावीस वर्षं अख्ख्या शहराने तिला नंबर विचारले होते आणि कोणाला दुसऱ्यांदा विचारावं लागलं नव्हतं. हे निवेदकांना तिथे, त्या खुर्चीत बसल्यावर सुचलं. तोवर ती नोकरी त्यांच्या मनात "हिचीही एक नोकरी होती" या सदरात पडून होती.

यानंतर त्यांनी जे केलं ते सांगायला बरं वाटत नाही, पण झालं ते झालं. त्यांनी दुरुस्तीपत्र शर्टाच्या खिशात घातलं, आणि घरी काहीच सांगितलं नाही. पहिल्या दिवशी ठरवलं, जेवण झाल्यावर सांगू. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. तिसऱ्या दिवशी कोणीच आलं नाही, तरी जमलं नाही. शर्ट बदलला की कागद नव्या खिशात जायचा. फलकासमोरून जाताना निवेदक मान खाली घालत, आणि लोकांना वाटे, किती नम्र माणूस. बायको मात्र दुपारी एक वाजला की दारंखिडक्या लावून घ्यायची, फ्रिज बंद करायची आणि आवाज न करता बसून राहायची. "तुमचं वाचायचं असेल ना," ती म्हणायची. निवेदक आतल्या खोलीत जाऊन रिकाम्या पडद्याकडे बघत बसायचे.

चौथ्या दिवशी तिने फ्रिज बंद केला आणि त्यांच्याने राहवेना. ते बाहेर आले.

"तो आवाज माझा नाही," ते म्हणाले.

"कुठला?"

"निवड झालेला."

"मग कोणाचा?"

"तुझा."

"मी कधी वाचलं?"

"पातळी लावताना."

"सपाट आवाजात?"

निवेदकांनी टेबलावरच्या कापडाकडे पाहिलं. "हो," ते म्हणाले. मग एमची हकिकत सांगितली, दुरुस्तीपत्र काढून पुढे ठेवलं, आणि मुलगी काय म्हणाली तेही सांगितलं. ते वाक्य गाळायचं असं त्यांनी ठरवलं होतं, पण सांगायला लागल्यावर तेवढंच नीट सांगता आलं.

बायकोने कागद वाचला. घामाने आणि घड्यांनी तो मऊ झाला होता. तिने तो टेबलावर ठेवून हाताने सपाट केला.

"त्या मुलीची परीक्षा कधी आहे?"

"आठ आठवडे. आता साडेसात."

"आणि तुम्ही चार दिवस हे खिशात घेऊन फिरलात."

एवढंच ती बोलली. सपाट आवाजाबद्दल बोलली असती, चौसष्ट ट्रॅकबद्दल, कपाटाबद्दल, तर निवेदकांनी खाली मान घालून ऐकून घेतलं असतं आणि हलकं वाटलं असतं. तिने पेन घेतलं, रिकाम्या जागेत आपलं नाव लिहिलं आणि त्यांच्या सहीसाठी कागद त्यांच्याकडे फिरवला.

फलकाचं काम उरलं होतं. सेक्रेटरी म्हणाले, लावलेली सूचना अशी मध्येच उतरवता येत नाही, पंधरा दिवस राहते, तसा नियम आहे. नियम निवेदकांनीच मागच्या सभेत वाचून दाखवला होता. शेवटी त्यांनी सूचनेखाली पेनाने लिहिलं: "वरील आवाज माझ्या पत्नीचा आहे. चूक माझी." लिहीत असताना मागे दंतवैद्य येऊन उभे राहिले. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"तरीच म्हटलं," ते म्हणाले. "त्या दुपारी वरून वाचन येत होतं आणि मी दवाखान्यातच होतो, खुर्ची दुरुस्त करत. ऐकत बसलो. गुडघ्याविषयी मला बरंच कळलं."

निवेदकांनी पेनाला टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता बायको कॉम्प्युटरसमोर आली. निवेदकांनी काळं सॉफ्टवेअर उघडलं होतं. तिने ते बघून विचारलं, यात सुरू करायचं बटण कुठे आहे. निवेदक दाखवू लागले तर त्यांनाच तीन सापडली. मग तिने अकरा रकान्यांचा तो कागद मागितला, त्यावरून बोट फिरवलं आणि नापास झालेल्या फुकटच्यावर थांबली. "हे का नको होतं?" पाच मिनिटांत ते परत बसवून झालं.

बायको माईकसमोर बसली, चष्मा लावला, पहिलं पान काढलं. निवेदक हेडफोन घालून बाजूच्या स्टुलावर बसले. ती खांद्यापासून सुरू झाली. खांदा आला, खांद्याचं हाड आलं, त्याला धरून असलेले स्नायू एकामागून एक आले आणि आपापल्या जागी बसले. कुठे थांबायचं ते तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण ती बरोबर तिथे थांबत होती. मधे एकदा लिफ्टचं दार वाजलं तेव्हा ती ते वाजून होईपर्यंत गप्प राहिली आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून घेतलं. कोपरापर्यंत येता येता निवेदकांचा हात नकळत स्वतःच्या कोपरावर गेला. अडुसष्ट वर्षं ते कोपर त्यांच्याकडे होतं, आणि ते असं चालतं हे त्यांना माहीत नव्हतं.

पाऊण तासाने तिने प्रकरण संपवलं, पाण्याचा ग्लास उचलला आणि विचारलं, "नीट आलंय ना सगळं?"

निवेदकांनी पडद्याकडे पाहिलं. आवाजाची रेघ नव्हतीच. पडदा पाटीसारखा कोरा होता. लाल बटण होतं तसं होतं, त्याला कोणी हात लावला नव्हता. त्यांनी हेडफोन काढला, परत घातला, परत काढला. खोटं बोलायला एक क्षण मिळाला होता, तो त्यांनी जाऊ दिला.

"मी सुरूच केलं नाही," ते म्हणाले. "ऐकत राहिलो."

बायकोने ग्लास खाली ठेवला, पानं मागे उलटून पुन्हा खांद्याशी आली आणि खुर्ची माईकजवळ ओढली.

"पुन्हा वाचते," ती म्हणाली. "या वेळी ऐकू नका. बटण दाबा."